जमिनीवरचं चौथं प्रकरण

मुलीच्या खोलीतली जमीन मी एका मंगळवारी दुपारी रिकामी केली. अडीच तास लागले. काम व्यवस्थित झालं होतं, हे मी आजही म्हणेन. त्या व्यवस्थित कामामुळे मुलीची सहा वर्षं पाण्यात जायची वेळ आली.

मुलगी दिल्लीतल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राज्यांमध्ये झालेल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुका. हा विषय नातेवाइकांना समजावून सांगता सांगता माझी दमछाक व्हायची. आपल्याकडे राज्यपाल नेमतात, तिथे गव्हर्नर लोक मतं देऊन निवडतात आणि तो खरंच राज्य चालवतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. एवढं ऐकून घेतलं की समोरचं माणूस विचारायचं, "बरं, पण याचं पुढे काय करणार?" मी म्हणायचे, "प्रोफेसर होईल." मनातून मलाही तोच प्रश्न पडलेला असायचा.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. यजमान सध्या बदलीवर गुवाहाटीला आहेत. गाझियाबादच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच.

तीन प्रकरणं तिने भराभर लिहिली आणि चौथ्यावर अडली. अडली म्हणजे पूर्णच थांबली. दीड वर्ष ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी ऑफिसातून येऊन दिवे लावायचे, डबा घासायला टाकायचे, मग तिच्या दारात उभी राहून रोज तेच बोलायचे. ऊठ, आंघोळ कर, दोन पानं लिही. दोन पानं लिहायला काय लागतं? मी दिवसाला वीस लिहिते. ती म्हणायची, "हो आई, बिल्कुल," आणि कूस बदलायची. विद्यापीठाने एकदा मुदत वाढवून दिली, मग दुसऱ्यांदा दिली. दुसरी नोव्हेंबरअखेर संपत होती. तोवर प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द. पहिली तीन प्रकरणं, शिष्यवृत्तीची वर्षं, सगळं शून्य.

सप्टेंबरात एके दिवशी मी घरी आले तर ती जमिनीवर बसली होती. कपाटातून टिपणांची कार्डं काढली होती तिने. पोस्टकार्डाएवढी, नई सडकच्या वह्या-कागदांच्या बाजारातून आणलेली, चारशेच्या वर असतील. एकेक कार्ड उचलायची, वाचायची, फरशीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक उचलून दुसरीकडे. महिनाभर हेच चाललं. हळूहळू फरशीवर सात ओळी झाल्या, दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगाला वळसा घालून खिडकीपर्यंत. ती पायाच्या बोटांवर त्यांच्यामधून चालायची. जेवायला टेबलाशी येऊ लागली. एकदा स्वतःहून म्हणाली, "आज भाजी मस्त झालीये यार."

मी खोलीत झाडू मारणं बंद केलं, पण मला ते बघवत नव्हतं. दारातून एक फोटो काढून पुण्याला ताईला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ आमच्या राजकन्येचा दरबार. झाडायची सोय नाही." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने उलट लिहिलं, "तुझ्या घरात धूळ? पेपरात द्यायला हवं."

मग वाळवी निघाली. मुलीच्या कपाटाच्या पाठीमागच्या फळीत होती आणि खालच्या खणातल्या पुस्तकांपर्यंत पोचली होती. सोसायटीने सगळ्या मजल्यांसाठी फवारणी ठरवली. आमचा नंबर मंगळवारी चार वाजता. खोलीची जमीन पूर्ण रिकामी हवी, चुकलात तर पुढची पाळी दीड महिन्याने. मुलगी सकाळीच वाचनालयात गेली होती. तिथे फोन बाहेर ठेवायला लागतो. मी चारदा लावला, मेसेज टाकला. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आले आणि कामाला लागले.

कार्डं नुसती गोळा करून पिशवीत भरली असती तर कदाचित इतकं बिघडलं नसतं. वरचं वर, खालचं खाली राहिलं असतं. पण मी तेवीस वर्षं फाइली केल्या आहेत. सुटा कागद मला सहन होत नाही. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात वर्ष आणि राज्य लिहिलेलं होतं. मी आधी वर्षवार लावली. एकेका वर्षात राज्यवार. मग पंच करून भोकं पाडली, हिरव्या टॅगच्या दोरीत ओवली, उजव्या कोपऱ्यात लाल शाईने क्रमांक घातले. दोन फाइली झाल्या. वर इंडेक्स लावला. चार वाजता फवारणीवाला आला तेव्हा फरशी चकचकत होती. त्याला म्हटलं, कोपरे नीट कर.

मुलगी सहाला आली. दारात उभी राहिली.

"कुठे गेलं?"

"टेबलावर आहे. दोन फाइली. वर्षवार, आतमध्ये राज्यवार. तुला हवं ते एका मिनिटात सापडेल."

तिने फाइल उघडली. इंडेक्सवरून बोट फिरवलं. "अक्षर छान आहे तुझं," म्हणाली. मग तिथेच खाली बसली, औषधाच्या वासात.

"आई, ते प्रकरण होतं."

"प्रकरण कुठंय? लिहिलेलं काहीच नव्हतं, नुसती कार्डं होती."

"तेच प्रकरण होतं."

तिने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, आवाज न चढवता. त्या काळात एका राज्याच्या निवडणुकीत एखादी युक्ती निघायची आणि ती दुसऱ्या राज्यात जायची. आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून भाषण करत गावोगाव हिंडणं. मोटारीतून प्रचार. पक्षाच्या पुढाऱ्यांनी सभागृहात बसून उमेदवार ठरवण्याऐवजी लोकांनीच मत देऊन उमेदवार ठरवणं. आणि मतदारच कमी करणं, म्हणजे मत द्यायला कर लावायचा किंवा वाचनाची परीक्षा घ्यायची. प्रत्येक ओळ म्हणजे एका युक्तीचा प्रवास होता. हे राज्य, मग ते, मग ते. कुणी कुणाकडून घेतली, हे तिने चार वर्षांच्या वाचनातून आणि महिनाभर कार्डं हलवून ठरवलं होतं. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. कार्डाची जागा हीच नोंद होती. वर्षवार लावल्यावर सातही ओळी एकमेकींत मिसळल्या.

"फोटो का नाही काढून ठेवलास?"

"घरात चोर राहतो असं कुणाला वाटतं?"

एवढं बोलून ती पलंगावर गेली आणि भिंतीकडे तोंड केलं. मुदत संपायला पाच आठवडे होते.

पहिले दोन दिवस मी तिची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला, फाइलींचे टॅग सोडले आणि कार्डं वाचायला बसले. मी केलं होतं, तर मीच निस्तरणार. इतिहास मी शाळेनंतर वाचलेला नाही. शब्दकोश घेऊन बसले. दिवसाला चाळीस कार्डं व्हायची.

कंटाळवाणं असेल असं वाटलं होतं. काही राज्यांत गव्हर्नरची निवडणूक दर वर्षी व्हायची. एक संपली की दुसरीची तयारी. एका राज्यात मतांचा एवढा घोळ झाला की शेवटी चोवीस तासांत तीन गव्हर्नर होऊन गेले. एकाला काढलं, दुसऱ्याला बसवलं, त्याचा राजीनामा घेऊन तिसऱ्याला. मी एकटीच हसले. निवडणूक ड्यूटीवर मी चारदा गेलेय, बोटांना शाई लावलीय, मशिनला सील ठोकलंय. घोळ म्हणजे काय ते मला माहीत आहे.

नंतरची कार्डं वाचताना हसू आलं नाही. दक्षिणेतल्या राज्यांत एकाच पक्षाचं राज्य. त्यामुळे पक्षातला उमेदवार ठरला की गव्हर्नर ठरला. तो उमेदवार लोकांनी निवडायचा असं झालं आणि त्याच वेळी पक्षाने नियम केला की त्यात काळ्या माणसांनी मत द्यायचं नाही. एकीकडे हक्क वाढवले म्हणून भाषणं, दुसरीकडे यादीतून माणसं गायब. एका कार्डावर मुलीने पेन्सिलीने लिहिलं होतं, "दार मोठं केलं आणि कुलूप लावलं." हे वाचून मी कार्ड खाली ठेवलं. माझी मुलगी असं लिहिते हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षांत मी तिचं एक पान वाचलेलं नव्हतं.

पण वाचून ओळी लागत नव्हत्या. मी दारात जाऊन विचारायचे.

"हे तीन गव्हर्नरवालं कुठल्या ओळीत होतं?"

"माहीत नाही."

"अंदाजे सांग. पलंगाच्या अलीकडे की पलीकडे?"

"तू ऑफिसर आहेस ना. फाइलीवरचं नोटिंग बघ."

ती जेवत नव्हती. ताट दाराशी ठेवायचे, तासाने उचलायचे. ते दिल्लीच्या धुराचे दिवस, खिडक्या बंद, दुपारी दिवा लावावा लागे. बंद घरात औषधाचा वास जाता जात नव्हता. यजमानांना फोन केला तर ते म्हणाले, "तू सांभाळशील." सगळे मला हेच म्हणतात.

फोटोची आठवण मला नवव्या दिवशी झाली. माझ्या फोनमध्ये नव्हता. मी दर रविवारी फोन साफ करते, फोटो, मेसेज, सगळं. ताईला फोन लावला.

"तो दरबाराचा फोटो आहे तुझ्याकडे?"

"असेल की. मी तुझ्यासारखं सगळं पुसत नाही. माझ्याकडे तू केलेल्या करंज्यांचाही आहे, फुटलेल्या."

"ताई, आत्ता बघ."

दहा मिनिटांत फोटो आला. खाली तिने लिहिलं होतं, "तुझा अंगठा पण आलाय त्यात."

तो मी बाजारातल्या दुकानात जाऊन मोठा छापून आणला. अक्षर वाचता येत नव्हतं. पण कुठल्या कार्डावर निळी शाई, कुठल्यावर काळी, कुठल्याचा कोपरा दुमडलेला, कशावर चहाचा डाग, हे दिसत होतं. दाराकडच्या तीन ओळी स्पष्ट होत्या. चौथीपासून पुढे पलंग आडवा आला होता. खिडकीकडच्या तर दिसतच नव्हत्या.

मी फोटो भिंतीला चिकटवला आणि फरशीवर बसून कार्डं जुळवू लागले. गुडघे दुखतात माझे. पहिल्या दिवशी अकरा कार्डं लागली. मुलीची पाठ माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी बारावं ठेवलं, तेरावं ठेवलं आणि पलंगावरून आवाज आला.

"ते तिथे नाही येत."

ती वळून बघत होती. किती वेळ, कोण जाणे.

"डाग जुळतोय," मी म्हटलं.

"डाग जुळू दे. ते टेक्सासचं आहे. कराचं. मोटारीच्या ओळीत कर कशाला येईल?"

"मग कुठे येईल?"

"दे इकडे." ती उतरली, कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि तिसऱ्या ओळीत ठेवलं. मग माझी आधीची दोन उचलली. "हेपण चूक आहे. इतकी वर्षं हेच करतेस तू ऑफिसात?"

मी पुढचं कार्ड तिच्या हातात दिलं. तिने त्या दिवशी अर्धी पोळी खाल्ली.

नऊ दिवसांत तीन ओळी उभ्या राहिल्या. चौथी तिने आठवून लावायला घेतली आणि चारदा मोडली. कार्डं भोकं पडलेली, लाल आकड्यांची. ती म्हणायची की आकडे डोळ्यांसमोर आले की तिला माझाच क्रम दिसतो. मी खोडरबरने घासून पाहिले. शाई जात नाही. मुदतीला दोन आठवडे उरले होते आणि चौथ्या प्रकरणाचं लिहिलेलं एक पानही नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक मॅडमना भेटायला मी सोबत गेले. ती नको म्हणत होती. मॅडम सभ्य बाई होत्या, घाईत होत्या. म्हणाल्या, आता एकच रस्ता. वैद्यकीय कारणावर तिसरी मुदतवाढ मिळते, समितीसमोर जावं लागतं. "मेडिकल बनवा लीजिए," असं माझ्याकडे बघून म्हणाल्या, जसं आम्ही ऑफिसात एकमेकांना म्हणतो. अशी प्रमाणपत्रं मी किती पुढे सरकवलीत त्याला गणती नाही. कावीळ झालेली माणसं लग्नातून मेंदी लावून परत येतात. मला एक फोन करायचा होता, दुपारपर्यंत कागद हातात आला असता.

मेट्रोत बसल्यावर मी फोन काढला. मुलगी म्हणाली, "कुणाला लावतेस?"

"ओळखीचे डॉक्टर आहेत. टायफॉइड लिहितील."

"नको."

"आता नखरे नकोत. दोन आठवडे आहेत."

ती खिडकीबाहेर बघत होती. डब्यात गर्दी होती, पण मराठी कळणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ती नेहमीच्या आवाजात बोलली. "दीड वर्ष मी आजारी होते तेव्हा तू म्हणालीस नाटकं आहेत. आता मी उठलेय तर तुला माझ्या आजाराचा कागद पाहिजे. आणि तोही टायफॉइडचा."

मी फोन पर्समध्ये ठेवला. आमचं स्टेशन आलं तरी मी उठले नाही, तिने माझा दंड धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात गेलो. ती यायला तयार झाली ती एका अटीवर. डॉक्टरांना जे दिसेल ते लिहू दे, तू सांगून लिहून घ्यायचं नाही. ऑफिसचं ओळखपत्र दाखवून रांगेत पुढे जायची माझी सवय, तेही करू दिलं नाही तिने. तीन तास बाकावर बसलो. शेजारी एक बाई स्वेटर विणत होती. मुलीने तिला विचारलं, "आंटी, ये कौन सी बुनाई है?" आणि ती बाई तिला शिकवत बसली. मी बघत होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिने मुलीशी बराच वेळ बोलून घेतलं, मग मला आत बोलावलं. लिहिता लिहिता विचारलं, "कब से है ये?"

मुलगी म्हणाली, तिला नीट आठवत नाही.

मला आठवत होतं. गेल्याच्या गेल्या होळीपासून. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. तिने ताट तसंच परत पाठवलं, खोलीचं दार लावलं, आणि मी बाहेरून म्हणाले, सणासुदीला नखरे कशाला. त्यानंतर तिने केस कधी धुतले, कुठल्या मैत्रिणीचा फोन येणं बंद झालं, कुठल्या आठवड्यात ती भाताचा एकच घास खाऊ लागली, हे सगळं मला क्रमाने माहीत होतं. वर्षवार, महिनावार. मी पाहत होते. फक्त त्याला आजार असं नाव द्यायला तयार नव्हते, कारण आजार म्हटला की माझ्या हाताबाहेर गेलं असतं.

मी सगळं सांगितलं. हिंदीत सांगितलं म्हणून सांगता आलं, मराठीत जमलं नसतं. डॉक्टर लिहीत होती. मुलगी माझ्याकडे बघत होती, फाइलीचा इंडेक्स बघितला होता तशी.

बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे तुला दिसत होतं."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती पुढे चालायला लागली. आम्ही रिक्षात बसलो. मग म्हणाली, "अर्ज तू लिही. तुझी भाषा त्यांना कळते."

मी लिहिला. एक पान, प्रमाणपत्र सोबत जोडलं. टिपणांचा क्रम माझ्या हातून मोडला हेही त्यात घातलं होतं, तिने ते खोडलं. "याचा नियम नाही त्यांच्याकडे," म्हणाली. बरोबर होतं तिचं.

आम्ही सहा महिने मागितले होते, समितीने तीन दिले. पत्रात शेवटची आणि अंतिम संधी असं लिहिलंय. हे शब्द मी स्वतः शेकडो पत्रांत लिहिले आहेत, त्यांचा अर्थ मला माहीत आहे. चौथी वेळ नाही.

त्यातला एक महिना गेला. गोळ्या सुरू आहेत. त्यांच्यामुळे सकाळी तिला उठवत नाही, अकरा वाजतात. पहिल्या तीन ओळींची सत्तावीस पानं झाली आहेत, ती मी वाचली. चौथी ओळ जमिनीवर आहे, पाचवीतली सहा कार्डं लागली आहेत, बाकीची कार्डं त्या दोन फाइलींत तशीच. कधी दिवसात चार कार्डं हलतात, कधी एकही नाही. होईल की नाही, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही, आणि आता ती तसं तोंडावर सांगते.

काल दुपारी बेल वाजली. फवारणीवाला दुसऱ्या फेरीला आला होता, यंत्र पाठीवर. म्हणाला, मॅडम, ही केली नाही तर पहिलीचा उपयोग नाही, कपाट खाऊन टाकेल.

आतून मुलीने विचारलं, "कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हटलं. त्याला हिंदीत सांगितलं की बाकीचं घर कर, त्या खोलीत जायचं नाही. तो म्हणाला, वाळवी तर त्याच खोलीत आहे. मी म्हटलं, माहीत आहे. मग तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि तो स्वयंपाकघरात फवारत असेपर्यंत बाहेर स्टूल टाकून बसून राहिले.